शहाण्या मुलीची जागा

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आमच्या स्टाफरूममधला पंखा बंद असायचा. वीज गेलेली नसायची आणि पंखाही बिघडलेला नसायचा. गणिताच्या बाईंनी लांब टेबलावर चिठ्ठ्या मांडलेल्या असायच्या, वर्गातल्या एकेका मुलाच्या नावाची एकेक चौकोनी चिठ्ठी. त्या एखादी इकडून उचलायच्या, तिकडे ठेवायच्या, मान वाकडी करून बघायच्या, पुन्हा उचलायच्या. दुपारपर्यंत हे चालायचं आणि तोवर बाकीचे आम्ही वह्यांनी वारा घेत बसायचो.

"ताई, त्या चिठ्ठ्यांवर काहीतरी वजन ठेवा की," मी एकदा बाईंना वैतागून म्हणाले.

"चाळीस वजनं आणून देतेस का?" त्यांनी मान वर केली नाही. "आणि तुझं काय जातंय? तुझ्या चित्रकलेच्या तासाला पोरं जमिनीवरच लोळत असतात."

खिडकीतून कुण्या कार्ट्यानं हे बघितलं आणि तेव्हापासून बाईंचं नाव सोंगटीबाई पडलं. नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. उलट जरा खूशच झाल्या, असं मला वाटलं. आपल्या कामाची कुणी दखल घेतली की माणसाला बरं वाटतंच.

बाई गणित शिकवायच्या. शिकवणं चांगलं होतं, पण शाळेत त्यांचं नाव होतं ते वर्ग शांत ठेवण्याबद्दल. आमच्यातले काहीजण घसा बसेपर्यंत ओरडायचे, विज्ञानाचे सर डस्टर फेकायचे, मी तर सुरुवातीला रडकुंडीला यायचे. बाईंनी उभ्या नोकरीत कुणावर हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. "पोर वाईट नसतं, त्याची जागा चुकलेली असते," असं त्या म्हणायच्या. उंच मुलं मागे, चष्मेवाली पुढे, दोन उपद्व्यापी कधी एका बाकावर नाहीत, हे कुठल्याही मास्तराला कळतं. बाईंचा हुकमी एक्का वेगळा होता. वर्गातला सगळ्यात वात्रट मुलगा हेरायचा, सगळ्यात गरीब स्वभावाची मुलगी हेरायची आणि दोघांना एका बाकावर बसवायचं. मुलगा बोलणार कुणाशी? भिंतीशी माणूस किती वेळ बोलेल? पंधरवड्यात तो थंड व्हायचा. असं आमच्याकडे सगळेच करायचे, मी शाळेत शिकत होते तेव्हाही करायचे. पण बाईंसारखी नेमकी निवड कुणाला जमत नसे, म्हणून दुसऱ्या वर्गांचे शिक्षकसुद्धा आपलं एखादं अवघड पोर घेऊन त्यांच्याकडे सल्ल्याला यायचे.

बाईंनी माणसात आणलेली मुलं पुढे मोठी होऊन भेटायला यायची. सातवीत असताना ज्यानं मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर बेडूक ठेवला होता, तो आता डोळ्यांचा डॉक्टर आहे. तो आला आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणाला, "बाईंनी मला बरोबर जागी बसवलं म्हणून मी आज इथवर आलो." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या शेजारी तेव्हा कोण बसायचं, ते त्याला आठवत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही.

घरी तरी वेगळं काय असणार? बाईंच्या यजमानांचं औषधांचं दुकान आहे. ते मला एकदा म्हणाले, "आमच्याकडे चार माणसं जेवायला येणार असली की ही आधी कुणी कुणाशेजारी बसायचं ते ठरवते, मग स्वयंपाकाला लागते. माझ्या बहिणीला आणि हिच्या भावाला आजवर समोरासमोर बसू दिलेलं नाही. भांडण नाही झालं कधी, ते खरं." त्यांना बायकोचा अभिमान होता. आम्हालाही होता.

बाईंच्या वर्गात सातवीपासून एक मुलगी होती. बाई वर्गाबरोबर वर चढायच्या, म्हणजे सातवीला जो वर्ग मिळाला तोच नववी संपेपर्यंत त्यांच्याकडे. मुलीला नाव होतं, चांगलं होतं, पण बाई तिला शहाणी म्हणायच्या आणि मग आम्हीही सगळे शहाणीच म्हणायला लागलो. नाकासमोर चालणारी. पेन मागितलं तर टोपण काढून हातात देणारी. मुकी बिचारी कुणीही हाका म्हणतात, तशातली. माझ्या तासाला मुलांना हवं तिथं बसायची मुभा असते. ती नळाजवळ एकटी बसायची आणि सगळ्यांचे ब्रश धुऊन द्यायची. मला वाटायचं, किती मदत करते.

बाईंचा तिच्यावर जीव होता, हे मी शपथेवर सांगेन. "ही नसती तर माझा वर्ग कोसळला असता," असं त्या पालकसभेत तिच्या आईसमोर म्हणाल्या होत्या. आईला धन्य वाटलं. सातवीत शहाणीशेजारी शिट्ट्या मारणारा बसला. तो सुधारल्यावर बाईंनी त्याला उचलून खिडकीशी नेलं आणि तिथं दुसरा आणला. तोही निवळला की तिसरा. मळके कपडे धोब्याकडे टाकावेत तशी वात्रट मुलं तिच्याकडे पडायची आणि स्वच्छ होऊन जायची. धोब्याचे हात कधी कुणी बघतं का?

नववीचं वर्ष निम्मं सरल्यावर एक नवा मुलगा आला. आधीच्या शाळेनं काढून टाकलेला. तो यायच्या आधीच त्याची कीर्ती येऊन पोचली होती. कठीण पोर म्हटलं की सोंगटीबाई, त्यामुळे मुख्याध्यापकांनी त्याला त्यांच्याच वर्गात घातलं. त्या तासाला मी वर्गाच्या मागच्या भिंतीवर तक्ते लावत होते, म्हणून पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

बाई फळ्यावर गणित सोडवत होत्या. मुलगा दारात उभा राहिला. बाईंनी खडू थांबवला नाही, नुसतं डाव्या हाताचं बोट दाखवलं. "तिथं बस. शहाणीशेजारी. शहाणी, सरक गं."

शहाणी सरकली नाही, उभी राहिली. तिनं कंपासपेटी बंद केली, वही दप्तरात घातली, दप्तर खांद्याला लावलं आणि दोन रांगांच्या मधल्या वाटेनं बाईंच्या समोरून दाराबाहेर निघून गेली. पळाली नाही, रडली नाही. तो नवा मुलगा तेव्हा दारातच होता, त्यानं अंग चोरून तिला वाट दिली. मागच्या बाकावरचं कुणीतरी हसलं आणि आपणच गप्प झालं. बाई हातात खडू धरून बघत राहिल्या.

शिपाईमामांना ती सायकलस्टँडमागे सापडली, भिंतीकडे तोंड करून, दप्तर मांडीवर घेऊन. बाई धावत गेल्या. "काय झालं बाळा?" बाईंनी खांद्यावर हात ठेवला तर तिनं खांदा काढून घेतला. मग आई येऊन तिला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही, त्या आठवड्यातही आली नाही. नंतर आईचा फोन आला. सकाळ झाली की तिला उलट्या होतात, शाळेचं नाव काढलं की हातपाय गार पडतात. आम्ही तिचं नाव काढून घेतोय, आई म्हणाली. घरी बसून दहावी करेल, नाहीतर नाही करणार.

आमचे मुख्याध्यापक माणूस वाईट नाहीत, फक्त प्रश्न मिटवायची त्यांना फार घाई असते. मुलांच्या सुरक्षिततेचे सगळे सोपस्कार शाळेत होते. तक्रारपेटी होती, ती बरोबर मुख्याध्यापकांच्या दारासमोर, कॅमेऱ्याखाली लावलेली, त्यामुळे तिच्यातून गोळ्यांच्या कागदांखेरीज कधी काही निघालं नव्हतं. समुपदेशिका होती, चांगली समजूतदार मुलगी, आठवड्यातून दोन दिवस यायची. तिला बसायला जागा दिली होती ती खेळाच्या सामानाच्या खोलीत. मुलांनी मन मोकळं करायचं ते तिथं, फुटबॉलच्या जाळ्याखाली बसून, आणि ऐन वेळी बाहेरून कुणीतरी दार ठोठावणार, "मॅडम, दोरीच्या उड्यांची दोरी द्या."

मुख्याध्यापकांनी सरळ निष्कर्ष काढला. मुलगी गुणी, मुलगा बदनाम. मुलगा आला आणि मुलगी गेली, म्हणजे मुलानंच काहीतरी केलं. त्यांनी त्याला खोलीत बोलावलं. बाई आणि मीही होतो.

"सर, मी बसलोपण नव्हतो," मुलगा म्हणाला.

"मग ती काय हवा खायला बाहेर गेली?"

मी म्हणाले, "सर, तो खरंच बाकापर्यंत पोचला नव्हता. मी तिथंच होते."

"आधी रस्त्यात गाठलं असेल," सर म्हणाले आणि बाईंकडे वळले. "तुमचा वर्ग आहे. तुम्ही काय म्हणता?"

बाईंनी टेबलावरच्या काचेवरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाल्या, "मुलगी घाबरली होती, एवढं खरं."

एवढं वाक्य पुरलं. निर्णय होईपर्यंत मुलानं घरी बसावं, असं ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला बाईंचा राग आला आणि मी तसं बाहेर आल्यावर बोलून दाखवलं. त्या दुपारी त्यांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. चोर कोण, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. त्यांना बहुतेक कळायला लागलं होतं.

समुपदेशिका शहाणीच्या घरी जाऊन आली. तिनं बाईंना बोलावलं आणि बाईंनी माझा हात धरून मला बरोबर नेलं. जाळ्याखालच्या त्या दोन खुर्च्यांवर त्या दोघी बसल्या, मी गाद्यांच्या चळतीवर.

"तिनं सांगायला परवानगी दिली तेवढंच सांगते," समुपदेशिका म्हणाली. "नव्या मुलाचा काहीही संबंध नाही. तिला त्याचं नावसुद्धा माहीत नाही."

मग तिनं आधीच्यांचं सांगितलं. एकजण बाई फळ्याकडे वळल्या की कर्कटकाचं टोक तिच्या मांडीत टोचायचा, आवाज काढतेस का बघू म्हणायचा. ती आवाज काढत नसे. एकजण तिच्या डब्यातलं अर्धं आधी खायचा आणि मग डबा तिच्याकडे सरकवायचा. एकाला काहीच करायचं नसायचं, तो फक्त दिवसभर तिच्या कानाशी घाणेरडं बोलत राहायचा. शिट्टीवाल्याचा तिला राग नव्हता. तो बरा होता, म्हणाली.

"मला का नाही सांगितलं तिनं?" बाई म्हणाल्या. "मी तर तिला सारखी विचारत होते."

"काय विचारत होता?"

बाईंचं ते वाक्य मलाही पाठ होतं, सगळ्या मजल्याला पाठ होतं. शेजारच्या मुलानं काही आगळीक केली की बाई त्याला बोलायच्या नाहीत. त्या हसून तिला म्हणायच्या, "काय गं शहाणी, तू शेजारी असून?"

"ती म्हणते, त्यानं काही केलं की बाई मला विचारायच्या," समुपदेशिका हळू म्हणाली. "म्हणजे मी सांगितलं असतं तर माझंच चुकलं असतं ना? मला नीट सांभाळता आलं नाही, असं झालं असतं."

खोलीत रबराचा आणि घामाचा वास होता. बाहेर कुणीतरी दार ठोठावलं, समुपदेशिकेनं आतूनच नंतर ये म्हणून सांगितलं.

"अजून एक आहे. टोचण्यापेक्षा ते तिला जास्त लागलंय, असं मला वाटतं. सातवीपासून तिच्या बाकावर एकदाही मुलगी बसलेली नाही. मुलं डबा आपापल्या बाकावर खातात. तिला मैत्रीण नाही. एकही नाही. सहलीला बसमध्ये ती कुणाशेजारी बसली होती, आठवतंय?"

"माझ्याशेजारी," बाई म्हणाल्या. "मीच बोलावलं होतं. मला वाटलं, तिला आवडेल."

त्या दिवसानंतर बाईंचं काय झालं ते मी जवळून बघितलं, आणि बघवलं नाही. यजमानांनी मला फोन करून विचारलं, शाळेत काही झालंय का, घरी ही ताटावरून उठते. शाळेत मोकळ्या तासाला त्या माझ्याशेजारी येऊन बसायच्या आणि जुनी नावं आठवायच्या. बेडूकवाल्याचं नाव, आडनाव, बापाचा धंदा, सगळं घडाघडा. शिट्टीवाल्याचं, खिडकीची काच फोडणाऱ्याचं, पळून गेलेल्याचं, सगळ्यांचं.

"आणि यांच्या शेजारी ज्यांना बसवलं त्या?" त्यांनी मलाच विचारलं, जसं काही मला माहीत असणार. "एक होती, तिला दोन वेण्या होत्या."

"ताई, तेव्हा सगळ्यांनाच दोन वेण्या असायच्या."

"तेच," त्या म्हणाल्या. "एकीचाही चेहरा समोर येत नाही गं. एवढ्या मुलींना मी बसवलं आणि एकही भेटायला आली नाही, हे कधी माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही."

मी त्यांची समजूत काढायला गेले. म्हणाले, "तुम्ही काही मुद्दाम नाही केलं."

"मुद्दामच केलं. चिठ्ठ्या काही वाऱ्यानं उडून तिथं पडल्या नव्हत्या." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि मला तो कर्कटकवाला माहीत नव्हता, पण ती गप्प आहे हे माहीत होतं. गप्प आहे म्हणूनच तर निवडली."

नव्या मुलाच्या प्रकरणाची बैठक पुढच्या आठवड्यात होती. त्याला आईवडील नव्हते, मामा सांभाळायचा. मामा बसच्या डेपोत मेकॅनिक. कामावरून तसाच आला होता, नखांत काळं, खुर्चीच्या कडेला टेकून बसला होता. पाठ टेकली तर खुर्ची मळेल, अशी त्याला भीती असावी. मुलगा त्याच्या मागे उभा. मुख्याध्यापकांनी घसा साफ करून सुरुवात केली की शाळेचं वातावरण, इतर पालकांच्या भावना, मुलाच्याच हिताच्या दृष्टीनं दुसरीकडे कुठे...

बाई उठून उभ्या राहिल्या. "ह्या मुलानं काही केलेलं नाही, सर. मुलगी माझ्यामुळे गेली."

"बाई, तुम्ही जरा मनाला लावून घेतलंय. बसा."

"नाही बसत. नळ गळायला लागला की बोळा कोंबतात ना, तसं मी त्या पोरीला अडीच वर्षं वापरलं. जिथं गळेल तिथं कोंबलं. आणि तिला त्याबद्दल शाबासकी दिली, म्हणजे तिला तक्रारही करता येऊ नये." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आणि परवा ह्याच खोलीत मला पक्कं माहीत होतं की हा पोरगा बाकापर्यंत गेलेला नाही. तरी मी खरं बोलले नाही. हा आधीच बदनाम होता, मला तेवढाच आडोसा मिळाला. मी ह्याच्या मागे लपले."

मुख्याध्यापकांनी पाण्याचा ग्लास उगाच उचलून खाली ठेवला. मामानं बाईंकडे बघितलं, मग सरांकडे. त्यानं आभार मानले नाहीत आणि रागावलाही नाही. "म्हणजे उद्यापासून पाठवू ना ह्याला?" एवढंच विचारलं. सर म्हणाले, पाठवा.

स्टाफरूममध्ये बाईंचं कुणी कौतुक केलं असेल, असं वाटत असेल तर तसं काही झालं नाही. डस्टरवाले सर म्हणाले, "ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आता उद्या प्रत्येक आई येऊन विचारणार, माझ्या मुलीशेजारी कोण बसवलाय."

"विचारू देत," मी म्हणाले. "आधीच विचारायला हवं होतं."

"तुम्हाला काय, चित्रकला," ते म्हणाले.

पण मुलगी अजून घरीच होती. शाळा सोडल्याचा दाखला मागायला तिचे वडील येऊन गेले, मुख्याध्यापकांनी त्यांना चार दिवस थांबायला सांगितलं. बाईंना तिला भेटायचं होतं. समुपदेशिकेनं आधी मुलीला विचारलं, मग आईला. दोघी हो म्हणाल्यावर मला म्हणाली, तुम्ही बरोबर जा. मी बाईंना माझ्या स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले.

तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. आई दवाखान्यात नर्स, ड्यूटीला निघायच्या बेतात होती, युनिफॉर्म घातलेला, डबा भरून दाराशी ठेवलेला. तिनं आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली. धन्य वाटण्याचे तिचे दिवस संपले होते. मुलगी पलंगाच्या कडेवर, हात गुडघ्यांवर. वर्गात बसायची तशीच.

बाईंनी ठरवून आणलेलं बोलायला सुरुवात केली. "बाळ, मी चुकले. तुला मी..." आणि पुढे त्यांना बोलता येईना. मी इतकी वर्षं त्यांना ओळखते, त्यांना असं रडताना कधी बघितलं नव्हतं. खांदे हलत होते, रुमाल सापडत नव्हता.

मुलगी ताबडतोब उठली. आत जाऊन पाणी घेऊन आली. ग्लास बाईंच्या हातात दिला आणि त्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहिली. "बाई, रडू नका ना. तुमचं काही नाही चुकलं. मी येते उद्यापासून. बसते मी त्या मुलाशेजारी, मला चालेल."

आईनं तोंड फिरवलं.

बाईंचं रडणं एकदम थांबलं. त्यांनी ग्लासाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि ग्लास खाली जमिनीवर ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघितलंस? माझ्या रडण्याशेजारीसुद्धा मी हिलाच बसवलं."

मी तो ग्लास कुणाच्या पायात येऊ नये म्हणून बाजूला सरकवला.

त्यांनी पदरानंच तोंड पुसलं. "तू तिकडे आईजवळ जा. माझं रडू माझं मी बघेन. आणि तू हो म्हणावंस म्हणून मी आलेली नाही. तुला शाळेत यावंसं वाटायला काय पाहिजे, तेवढं सांग. मला आवडणार नाही असं असेल तरी सांग."

मुलगी आईजवळ गेली. खालून कुणाच्या तरी घरातल्या मिक्सरचा आवाज येत होता, तो सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. आई तिला म्हणाली, "बोल की. त्या विचारतायत ना."

"मला दुसऱ्या तुकडीत जायचंय," ती म्हणाली.

"बरं."

"गणिताला पण तुम्ही नको."

"बरं," बाई म्हणाल्या. हा शब्द त्यांना जड गेला, मला दिसलं.

"आणि मला शहाणी म्हणू नका. कुणीच नका म्हणू."

बाईंनी मान हलवली आणि तिला तिच्या नावानं हाक मारली. पूर्ण नाव, नीट उच्चारलं. मुलीनं फक्त ऐकून घेतलं. आई म्हणाली, मला उशीर होतोय, आणि आम्ही उठलो.

जिन्यात बाईंनी मला विचारलं, "तिनं मला माफ केलं, असं वाटतं का तुला?"

"नाही वाटत," मी म्हणाले. त्यांच्याशी खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही.

"मलाही नाही वाटत."

मुलगी पुढच्या सोमवारपासून दुसऱ्या तुकडीत बसायला लागली. सुरुवातीला आई फाटकापर्यंत सोडायला यायची आणि ती मधल्या सुट्टीत समुपदेशिकेकडे जाऊन बसायची. आता समुपदेशिकेला ग्रंथालयाजवळची खोली मिळाली आहे, दाराला आतून कडी असलेली. हे मुख्याध्यापकांनी मनापासून केलं की प्रश्न मिटवायला, ते मी विचारलं नाही. बाईंच्या वर्गात मुलं आपली आपण बसतात, महिन्याला जागा बदलतात, आणि ज्याला शेजारचा नकोसा झाला असेल त्यानं कारण न सांगता बाईंना येऊन सांगायचं, असा नियम आहे. वर्ग पूर्वीसारखा शांत राहिलेला नाही. बाईंना या वयात ओरडायला शिकावं लागतंय आणि ते त्यांना मुळीच जमत नाही.

परवा मधली सुट्टी संपत आली होती. बाई आणि मी वह्यांचे गठ्ठे घेऊन वरच्या मजल्यावरून चाललो होतो. समोरून ती आली. एका जाडसर, खिदळणाऱ्या मुलीच्या गळ्यात हात टाकून, तोंडात काहीतरी भरलेलं, आणि तशा भरल्या तोंडानं बडबडत. तिनं आम्हाला बघितलं. बाईंना नीट बघितलं. आमच्या शाळेत अगदी वांड पोरगासुद्धा बाई दिसल्या की नमस्ते म्हणतो. ती काही म्हणाली नाही, मैत्रिणीला ओढत तशीच पुढे गेली.

"हाक मारू का तिला?" मी म्हणाले. मला ते जरा लागलंच होतं.

"नको." बाईंचा चेहरा पडला होता आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. "आजवर माझ्या मनासारखं वागली. हे तिच्या मनासारखं आहे. करू दे."

मग घंटा झाली. बाईंचा वर्ग त्याच मजल्यावर, दहा पावलांवर आहे. पण तिथं जायचं तर तिच्या वर्गाच्या खिडक्यांवरून जावं लागतं, आणि बाई दिसल्या की ती अजूनही ताठ होऊन बसते, असं समुपदेशिकेनं त्यांना सांगितलं होतं. म्हणून त्या रोज जिना उतरून खाली जातात, मैदानाच्या बाजूनं वळसा घालतात आणि पलीकडच्या जिन्यानं पुन्हा वर चढतात. त्यांचे गुडघे दुखतात. मी त्यांच्या हातातला अर्धा गठ्ठा घेतला आणि आम्ही खाली उतरायला लागलो.